दाढेसाठी एडिसनहून पुण्याला: यात चूक काय?

एडिसनकरीण
परवा आमच्या मराठी मंडळाच्या कोजागरीला हा विषय निघाला आणि चांगलाच तापला, म्हणून इथे मांडते.

गेल्या डिसेंबरात मी पुण्यात दोन दाढांचं रूट कॅनल करून कॅप बसवून घेतल्या आणि एका पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे नकली दात बसवायचा हाडातला स्क्रू, घातलं. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका दाढेच्या रूट कॅनल आणि कॅपचे अडीच हजार डॉलर सांगितले होते. दातांचा विमा आहे, पण तो वर्षाला दीड हजार डॉलर देऊन हात वर करतो. पुण्याच्या बिलात विमानाचं तिकीट मिळवलं तरी इथल्या त्या एका दाढेपेक्षा कमीच भरलं.

मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "तिथल्या लोकांच्या रांगेत घुसता तुम्ही." मला ते फार लागलं. मी खासगी दवाखान्यात गेले, सांगितले तेवढे पैसे मोजले. इथले गोरे लोकही हेच करतात. ॲरिझोनातल्या युमाजवळ सीमा ओलांडली की मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस लागतं. गाव लहानसं, पण दातांचे डॉक्टर शेकड्यांनी. हिवाळ्यात अमेरिकन आणि कॅनेडियन म्हातारी माणसं चालत पलीकडे जातात आणि कवळी करून येतात. कारण १९६५ च्या कायद्याने आलेला ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, दातांच्या नेहमीच्या कामाला पैसेच देत नाही. मग माणसाने दुखणं अंगावर काढावं का? जिथे परवडतं तिथे जावं, असं माझं मत आहे. पटत नसेल तर कारण सांगा.

कोथरूडचा दंतवैद्य
ताई, २२ वर्षं दवाखाना चालवतोय. जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबरात तुमच्यासारखेच पेशंट जास्त असतात, त्यामुळे येऊ नका असं मी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो घाईला.

इम्प्लांटचा स्क्रू हाडाने धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात चार ते सहा. लगेच दात बसवता येईल असे काही पेशंट असतात, पण ते हाड बघून ठरतं. माझ्याकडे येणारा पहिलं वाक्य बोलतो, "डॉक्टर, अकरा तारखेचं रिटर्न तिकीट आहे." तिकिटाच्या तारखेवर हाड भरत नाही. एका गृहस्थांना मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडे दहा दिवसांत सगळं उरकून घेतलं. पुढच्या वर्षी हलणारा स्क्रू घेऊन परत आले तेव्हा भोवतालचं हाड झिजलेलं होतं. आता आधी हाड भरायचं, मग पुन्हा स्क्रू, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त खर्च आणि जवळजवळ वर्ष.

कॅपचंही तेच. चावताना उंच लागली तर घासायला पाच मिनिटं पुरतात, पण तोवर पेशंट डॅलसला पोचलेला असतो, आणि तिथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला तयार नसतो. तुमच्या स्क्रूवर दात कधी बसवला?

वॉर्ड नंबर सात
रांगेत घुसलात हे खरंच आहे. फक्त ती रांग तुमच्या दवाखान्याच्या दाराशी नाही, म्हणून दिसत नाही.

मी सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होते. आयसीयूचं काम ज्या मुलींना हाताला धरून शिकवलं, त्या दोन-तीन वर्षांत मोठ्या खासगी रुग्णालयांत गेल्या. त्यांना मी दोष देत नाही, पगार दुप्पट होता. सर्जनही तसेच, लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजांत शिकलेले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ. तिथवर आपण पोचलो नाही.

आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. माझ्या भावाच्या बायपाससाठी अशाच एका रुग्णालयात चार दिवस खेटे घातले. रोज एकच उत्तर: कोट्यातली खाट रिकामी नाही. त्याच लॉबीत परदेशी पेशंटसाठी वेगळं काउंटर होतं, बसायला सोफा, मदतीला माणूस. तो सोफा मी अजून विसरलेले नाही.

आणि 'स्वस्त' या शब्दाची मला भीती वाटते. गुजरातेत आणंदला परदेशी जोडपी स्वस्तात मूल मिळतं म्हणून येत होती. २०१५ मध्ये सरकारला परदेशी लोकांसाठीची सरोगसी बंद करावी लागली. ते स्वस्त कोणाच्या पोटातून येत होतं?

दुभाषा
सिस्टर, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एडिसनच्या ताईंच्या दाढा आणि मी रोज पाहतो ते पेशंट एका मापाने मोजू नका.

वडील मस्कतला होते, तिथे अरबी शिकलो. आता मुंबईत रुग्णालयांत दुभाषाचं काम करतो. येमेन, इराक, ओमान इथली माणसं मेडिकल व्हिसावर येतात, सोबत जास्तीत जास्त दोन नातेवाईक. एका येमेनी मुलाच्या हृदयाला भोक होतं. त्यांच्या राजधानीतला साना विमानतळ युद्धामुळे ऑगस्ट २०१६ ते मे २०२२ प्रवासी विमानांना बंद होता, म्हणून ते कुटुंब डोंगराच्या रस्त्याने, चौक्यांवर थांबत दक्षिणेतल्या एडन शहराला गेलं आणि तिथून इकडे आलं. जमीन विकून. त्यांच्यासाठी ही स्वस्ताई नव्हती. त्यांच्याकडे ऑपरेशन होतच नव्हतं.

यांना दार लावून आपल्या गरिबाला खाट मिळेल का? ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला आणि त्यानंतर बांगलादेशींचे व्हिसा फार कमी झाले. कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतली गर्दी ओसरली, आसपासची लॉज ओस पडली, आणि २०२५ मध्ये तिकडचे पेशंट चीनमधल्या कुनमिंगला जाऊ लागले. त्या खाटा कोणा गरिबाला मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मला चीड येते ती दलालांची. बिलातून टक्केवारी घेतात, आणि घरी सांगितलेला आकडा इथे आल्यावर फुगतो. तो फरक अरबीत समजावून सांगायची वेळ माझ्यावर येते. बाप समोर मान खाली घालून बसलेला असतो.

वॉर्ड नंबर सात
माझं म्हणणं नेमकं तेच आहे. खाट रिकामी झाली तरी गरिबाला मिळाली नाही, कारण ती त्याच्यासाठी मांडलेलीच नव्हती. येमेनच्या लेकराला माझी ना नाही. ज्यांच्या देशात सगळं आहे आणि फक्त महाग आहे, त्यांच्याबद्दल बोलतेय मी.

लेस्टरवासी
आमच्या देशात सगळं आहे, सिस्टर, पण वेळेवर नाही. एनएचएसचं, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्दिष्ट १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघण्यात वर्ष उलटलं. जिना चढताना ती रडायची. शेवटी मुंबईत ऑपरेशन केलं. ऑगस्ट २०१७ पासून भारतात गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधलेली आहे, नेहमीच्या प्रकाराची तेव्हा ५४,७२० रुपये ठरली होती. सर्जन उत्तम होते.

चूक आमची. तीन आठवड्यांत परत निघालो. एवढ्या लवकर लांबचा विमानप्रवास म्हणजे पायात गुठळी होण्याचा धोका. ती झाली नाही, पण घरी आल्यावर जखम पाझरू लागली. इथल्या रुग्णालयाने दाखल करून घेतलं आणि आधी वेगळ्या खोलीत ठेवलं, तपासणीचे नमुने घेतले. बाहेरदेशी रुग्णालयात राहून आलेल्यांसाठी हा नियम आहे. एनडीएम-१ आठवत असेल. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या स्वीडिश पेशंटमध्ये २००८ साली सापडलेलं, बहुतेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारं जनुक. त्याला नवी दिल्लीचं नाव दिलं म्हणून आपल्याकडे राग होता, मलाही होता. पण बायको त्या खोलीत एकटी पडून होती तेव्हा नमुन्याचा निकाल येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. निकाल चांगला आला.

पुन्हा वेळ आली तर मुंबईलाच जाऊ, पण तीन महिने राहायच्या तयारीने.

एडिसनकरीण
डॉक्टर, स्क्रूवर दात अजून बसलेला नाही. येत्या डिसेंबरात बसवायचा आहे. म्हणजे दुसरं तिकीट, आणि ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. ते धरलं तर फायदा बराच कमी होतो, हे कबूल करते.

सिस्टर, त्या सोफ्याचं वाचून मी फोन बाजूला ठेवला. तरीही माझ्या दाढेमुळे तुमच्या भावाची खाट गेली हे मला मान्य नाही. कोट्यातली खाट नाकारणाऱ्याला जाब विचारायला हवा, आणि तो मी इथून विचारू शकत नाही, एवढं खरं.

कोथरूडचा दंतवैद्य
गेल्या डिसेंबरातला स्क्रू असेल तर हाडाला भरपूर वेळ मिळालाय, काळजी नको. एक विचारतो. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबराचं स्टिकर असतं. ते तुमच्या फाइलला लावून दिलंय का? प्रत्येक कंपनीचे जोडभाग वेगळे असतात. उद्या एडिसनमध्ये काही सैल झालं तर त्या स्टिकरशिवाय तिथला डॉक्टर हात लावणार नाही.

एडिसनकरीण
फाइलमध्ये फक्त बिल आहे. आज रात्री, तिकडे दवाखाना उघडला की फोन करते.