एकट्या तालवाद्याच्या कॉन्चेर्टोमागे नुसती तंतुवाद्यं: भारी कल्पना की महागडा लेहरा?

तिरकिट:
ब्राझीलच्या ने रोसाउरोचा मारिंबा कॉन्चेर्टो (1986) या आठवड्यात तीनदा ऐकला. मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं तालवाद्य, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एक सोलो वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा मागे अशी रचना. पुढे एकटा मारिंबा, मागे फक्त व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची मंडळी. तालवाद्याला सोलो द्यायचा तर ऑर्केस्ट्रा असाच हवा, असं माझं मत पक्कं झालंय. लाकडी पट्टीवर टोला पडला की स्वर विझायला लागतो, वरच्या सप्तकात तर लगेचच. गजाचा स्वर मात्र हवा तेवढा लांबवा. एकाकडे आघात, दुसऱ्याकडे आस, म्हणजे लांबत राहणारा नाद. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आणलेत की सोलोवाला अर्धा वेळ नुसता ऐकू येण्यासाठी झगडणार.

पाटावरचा श्रोता:
साफ असहमत. आस धरून ठेवणं हे लेहऱ्याचं, म्हणजे मागे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचं काम. तबला सोलोत ते एकटी सारंगी करते, त्यासाठी तीस माणसं कशाला बसवायची? झाकीरभाईंचा तबला कॉन्चेर्टो 'पेशकार' आठवा, 2015, मुंबईचं एनसीपीए. मागे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. दबला का तबला?

तिरकिट:
माईक असल्यावर कोण दबतंय! माईक गृहीत धरून लिहिणं ही पळवाट झाली.

डग्गेवाला:
तुमचं मारिंब्यावर चाललंय, त्याला निदान सगळे स्वर आहेत. मी तबला आणि स्ट्रिंग्जसाठी सहा मिनिटांचं लिहून पाहिलंय. उजवा पांढरी दोनला, म्हणजे डी स्वराला मिळवलेला, सुरुवात डी मेजरमध्ये, सगळं गोड. मधल्या भागात हौसेने ए फ्लॅटला, म्हणजे डीशी न जुळणाऱ्या स्वराला गेलो आणि प्रत्येक 'ना' दाताखाली खडा आल्यासारखा. शेवटी त्या भागातले उघडे, म्हणजे स्वर घुमत राहणारे बोलच काढले. नुसतं तिट, तिरकिट आणि डग्गा. खरं सांगू? तोच भाग सगळ्यात बरा झाला.

पाटावरचा श्रोता:
म्हणजे ऑर्केस्ट्रा हिंडायला निघाला आणि सोलोवाल्याला तोंड मिटून बसावं लागलं. हा कुणाचा कॉन्चेर्टो?

तिरकिट:
बार्टोकचं 1936चं ऐका, तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा (घंटीसारखा वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) यांच्यासाठीचं. तिसरा भाग सुरू होतो तो झायलोफोनच्या एकाच स्वरावर. तोच स्वर, आधी सुटा सुटा, मग घाईने, मग पुन्हा सावकाश. तंतुवाद्यांचे दोन गट दोन बाजूंना, तालवाद्यं मध्ये. तिथे कोण कुणाचा लेहरा?

पाटावरचा श्रोता:
अहो, त्यात सोलोवाला ठेवलेलाच नाही, म्हणून तर जमलं! शिवाय पियानो आणि हार्पही आहेत, ते सोयीस्कर विसरलात.

तिरकिट:
हार्प मान्य. डग्गेवाले, तो तिरकिटचा भाग ऐकवा आधी.