मदत हवी आहे : कुत्रीने आख्खं डार्क चॉकलेट खाल्लं, सकाळपर्यंत थांबू का?

तातडीचं आहे म्हणून थेट लिहिते. आम्ही गोव्यात साखळी गावाजवळ राहतो. गावठी कुत्री आहे, वजन १२ किलोच्या आसपास. शेजारचा मुलगा जहाजावर असतो, सुट्टीवर आला आणि नेहमीसारखी वाड्यावर चॉकलेटं वाटली. त्यातलं एक ७० टक्के कोकोचं, १०० ग्रॅमचं. मुलांना कडू लागलं म्हणून ते तसंच सोप्यावर पडून होतं. आठच्या सुमारास वीज गेली, परत आली तेव्हा चांदीचा कागद तेवढा उरला होता.

आत्ता पावणेनऊ. कुत्री मजेत आहे, शेपूट हलवतेय. सासूबाई म्हणतात, गावठी कुत्र्यांना काही होत नाही. मागे हिने दुधाच्या चॉकलेटचे दोन तुकडे पळवले होते, तेव्हा खरंच काही झालं नव्हतं. शेजारच्या काकी मीठपाणी पाजून उलटी करव म्हणतात. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. पाजू का? आणि म्हापसा-पणजीकडे रात्री प्राणी बघणारं कोण आहे?

डिचोलीकर : ताई, मीठपाणी अजिबात नको. रक्तातलं मीठ वाढून तेच जिवावर बेततं. थांबूही नका. मी प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला होतो, हिशेब सांगतो. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या अंगातून फार सावकाश बाहेर पडतं, अर्धं उतरायलाच १७-१८ तास लागतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त. म्हणजे तुमच्या वडीत निदान ५०० मिलिग्रॅम. १२ किलोला भागलं की किलोमागे ४० च्या वर. २० ला उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके. मागे वाचली ती दुधाचं होतं आणि दोनच तुकडे होते म्हणून. गावठी असण्याचा काही संबंध नाही.

आत्ता मजेत दिसतेय यावर जाऊ नका. लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टरने इंजेक्शन देऊन उलटी करवली तर बरंचसं बाहेर पडतं. यावर उतारा असं औषध नाही, म्हणून हा वेळच काय तो हातात आहे. म्हापशाच्या एका डॉक्टरांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. निघतानाच फोन करा, कागद सोबत न्या, टक्केवारी त्यावर असते.

फोंडेकरीण : बेकिंगचा धंदा आहे माझा, म्हणून सांगते. बिनसाखरेची कोको पावडर याहून कितीतरी वाईट. आमच्याकडे डबा वरच्या फळीवर, कुलपात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये मात्र हे जवळजवळ नसतंच.

धागाकर्ती : पोहोचलो होतो वेळेत. इंजेक्शननंतर भराभर तपकिरी उलट्या झाल्या, मग कोळशाचं औषध पाजलं, सलाईन लावलं. ठोके वाढलेले होते म्हणून रात्रभर ठेवून घेतली. आता घरी आहे. डॉक्टरांनी सारखं लघवीला बाहेर न्यायला सांगितलंय, ते कशासाठी? आणि नाताळात शेजारून ताट येतं, त्यातलं हिला काय चालेल?

डिचोलीकर : लघवीत उतरलेलं थिओब्रोमिन मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं, म्हणून. दोन-तीन दिवस नेत राहा, झोपमोड झाली तरी. ताटातलं काहीच देऊ नका. दोदोल-बेबिंक ही नाताळची गोडं विषारी नाहीत, पण त्यातल्या तुपा-नारळाने स्वादुपिंड सुजू शकतं. केकपासून तर लांबच ठेवा, त्यातल्या मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा चॉकलेटसारखा हिशेबही मांडता येत नाही.