मोकळीक, मोकळी, मोकळं

उंबरठा : परवा हळदीकुंकवाला गेले होते. हातात वाण ठेवता ठेवता यजमानीणबाई सुनेचं कौतुक करत होत्या, "आमच्याकडे हिला सगळी मोकळीक आहे हो. नोकरी करते, ड्रेस घालते." सून मागे अत्तरदाणी धरून उभी. तेव्हापासून शब्द डोक्यातून जात नाहीये. मोकळीक म्हणजेच स्वातंत्र्य का?

खलबत्ता : नाही. क्रियापदं बघा. स्वातंत्र्य मिळवतात, त्यासाठी भांडतात. मोकळीक मिळवली असं कोणी म्हणतं का? ती देतात. आपणहून घेतली, तर "जरा जास्तच मोकळीक घेतेस" हे ठरलेलं. 'मला मोकळीक आहे' म्हटलं की 'कोणी दिली?' त्यातच आलं.

गंमत म्हणजे मूळ एकच. संस्कृत मुक्त, प्राकृत मुक्क, त्यावरून आपला मोकळा. तत्सम 'मुक्ती' मोर्च्यात गेली, तद्भव 'मोकळीक' स्वयंपाकघरात राहिली. 1975 साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, मुंबईत संघटना निघाली तिचं नावही स्त्री मुक्ती संघटना. 'स्त्री मोकळीक' म्हणून बघा, हसू येतं.

उंबरठा : त्याच्या कितीतरी आधी, 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचं नावच मुक्ता.

खलबत्ता : अगदी. पण मुक्ता म्हणजे मोतीही, त्यामुळे नावावर फार भार नको. निबंधाचं वजन पुरेसं आहे.

उंबरठा : आणि 'दोन्ही मुली उजवून मोकळा झालो'? लग्न मुलीचं, मोकळा बाप!

खलबत्ता : तिथे मोकळं होणं म्हणजे अंगावरचं काम उरकणं. बाळंतीणही 'मोकळी होते', तेही सुटणंच. बाईला हा शब्द बहुधा काहीतरी उरकल्यावरच लागतो.

रोजनिशी : हे माझ्याच घरातलं लिहिलंत! मी बँकेत आहे. प्रमोशनची परीक्षा द्यायची म्हटलं, पास झाले तर बदली नक्की. सगळे म्हणाले, "धाकटीची दहावी होऊ दे, मग तू मोकळी." दहावी झाली. मग सासऱ्यांचा मोतीबिंदू निघाला, मग नणंदेचं बाळंतपण. माझी मोकळं व्हायची तारीख कायम दुसऱ्या कोणाच्या तरी कॅलेंडरवर! यंदा मोकळी न होताच फॉर्म भरला. नवऱ्याचा पहिला प्रश्न, "डब्याचं काय?" आता डबा तोच करतो. मोकळ भाजणी बऱ्यापैकी जमते.

उंबरठा : शाब्बास ताई! बरं, पुरुष 'मोकळाढाकळा' असला की तो गुण. बाई असली तर?

खलबत्ता : वाक्यात 'जरा' घुसतं. "जरा मोकळीढाकळीच आहे." त्यापुढची पायरी 'मोकाट'. तो गुरांनाही लावतात आणि उशिरा घरी येणाऱ्या मुलींनाही. रात्री अकराला येणाऱ्या मुलाला मोकाट म्हटलेलं मी तरी क्वचितच ऐकलंय, तो 'मित्रांत रमतो'.

रोजनिशी : मोकळ भाजणीतला 'मोकळ' तोच का?

खलबत्ता : तोच. कणाला कण चिकटता कामा नये. ताक जास्त पडलं की गिच्च गोळा होतो. यजमानांना सांगा, हबका मारायचा, ओतायचं नाही.