वडाच्या बोन्सायवर छाटणीचा जुना व्रण: भरून निघेल की लपवावा?

गच्चीबाग (लातूर):
वड, खोड बुडाशी 7 सेंमी. ऐन दर्शनी बाजूला 3 सेंमीचा गोल काप. कडेनं गोट (जखम बुजवत येणारी सालीची फुगीर कड) उठला आणि तिथंच थांबला, मधलं लाकूड काळं पडलंय. ऑइलपेंट मारून झाला, फरक शून्य. एका बोगनवेलीलाही असाच काप आहे. दोन्हींना एकच उपाय चालेल का? आत्ताच करू की पावसाळ्यात?

कुंडीतलं रान (नांदेड):
ताई, वड जखम बुजवतो, बोगनवेल सहसा बुजवत नाही. त्यामुळं उपाय वेगळे.

आधी वड. मृगाचा पाऊस पडू द्या. मे महिन्याच्या 42 अंशांत उघडी केलेली कड दुपारपर्यंत वाळते. रंगानं जखम भरत नाही. गोट थांबला कारण त्याच्या कडेवर साल पक्की झाली. कलमाचा चाकू स्पिरिटनं पुसा आणि गोटाची आतली कड सगळीकडून 2 मिमी तासा, ओली हिरवट रेघ दिसेपर्यंत. मधलं काळं लाकूड नख रुतणार नाही इतकं टणक लागेस्तोवर खरवडा आणि 3-4 मिमी खोल वाटीसारखं करा. सपाट ठेवलं तर भरल्यावर तिथं आवाळू दिसतं. चीक ओल्या फडक्यानं टिपा, थांबला की मगच पेस्ट. ओल्या चिकावरची पेस्ट पापडीसारखी सुटते.

आणि जखमेच्या वरची एक फांदी मोकाट वाढू द्या, शेंडा खुडू नका. पानांतलं अन्न सालीतून खाली येतं, त्यावरच गोट पोसतो. हे नाही केलं तर बाकीचं सगळं फुकट.

मोसंबीवाला (जालना):
पेस्ट म्हणजे आपली बोर्डोच की. 10 ग्रॅम मोरचूद, 10 ग्रॅम कळीचा चुना, 100 मिली पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा. लोखंडी पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी वापरा.

कुंडीतलं रान:
भाऊ, बागेत ठीक. इथं फक्त मधल्या लाकडाला लावा. ताज्या कडेला मोरचूद सोसत नाही, आणि सालीवरचा निळा डाग लवकर जात नाही. कडेला कट पेस्ट (बोन्सायच्या जखमेवर लावायची तयार पेस्ट). खड्डा खोल निघाला तर एम-सील भरा, पण कडेच्या 2 मिमी खालीच ठेवा, म्हणजे गोट वरून सरकेल. सिमेंट नको, भेगा पडून आत पाणी मुरतं.

तरी व्रण दिसलाच तर वडाला पारंबी आहेच. व्रणाच्या वर ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) प्लास्टिकनं बांधा, मुळी फुटली की स्ट्रॉमधून व्रणावरून मातीत उतरवा. मातीला टेकली की जाड होते.

बोगनवेलीचा व्रण लपवू नका, कोरा. कुजकं लाकूड काढून पोकळी करा, खाली पाणी निघायला वाट ठेवा. पूर्ण वाळल्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावा, मातीवर प्लास्टिक झाकून. नुसतं लावलं तर हाडासारखं पांढरंफेक दिसतं. थेंबभर काळी शाई मिसळा. सडक्या अंड्यांचा वास येतो, घरात करू नका राव!

गच्चीबाग:
स्ट्रॉमध्ये माती भरायची का?

कुंडीतलं रान:
नाही, भिजवून पिळलेलं कोकोपीट. आणि स्ट्रॉ आधीच उभी चिरून दोऱ्यानं बांधा. नंतर ओढून काढायला गेलात तर मुळीही सोबत येते.