वस्तीतल्या मुलांना कोणता चित्रपट दाखवावा : 'सुपर ३०' की 'स्टँड अँड डिलिव्हर'?

संध्यावर्ग, इंदूर

नमस्कार. मालवा मिल आणि परदेशीपुरा या भागांतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही काही मराठी मंडळी संध्याकाळी गणिताचा विनामूल्य वर्ग चालवतो. यांपैकी बऱ्याच मुलांचे आजोबा गिरण्यांत कामाला होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, त्यानंतर घरे मिळेल त्या कामावर चालली, आणि आजही दहावी झाली की मुलाने हाताशी यावे अशीच बहुतेक पालकांची अपेक्षा असते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एक चित्रपट दाखवण्याचा विचार असून वरील दोन नावे पुढे आली आहेत. माझी अडचण अशी की दोन्ही चित्रपटांत एक असामान्य शिक्षक येतो आणि मुलांचे नशीब पालटून टाकतो. आमच्या वर्गात शिकवणारे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले दोन गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. चित्रपट संपल्यावर मुले आमच्याकडे वळून पाहतील, तेव्हा त्यांना काय वाटेल?

निवृत्त शिक्षिका, रामबाग

माझे मत 'स्टँड अँड डिलिव्हर'ला आहे. १९८८ सालच्या या चित्रपटात पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलचे शिक्षक हायमे एस्कलांते यांची कथा आहे. ऋण संख्या शिकवताना ते मुलांना विचारतात, समुद्रकिनारी वाळूत कधी खड्डा खणला आहे का? बाहेर काढलेली वाळू धन, राहिलेला खड्डा ऋण. वाळू परत टाकली की शून्य. मी अनेक वर्षे गणित शिकवले, पण ऋण संख्या इतक्या थोडक्या शब्दांत कोणी समजावल्याचे पाहिले नाही. याच चित्रपटात एक मुलगा पुस्तकांचे तीन संच मागून घेतो, कारण पुस्तके हातात घेऊन घरी जाताना तो टोळीतल्या मित्रांना दिसता कामा नये. आपल्या वर्गातील मोठ्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता आपल्या शंकेविषयी. चित्रपट पाहून वाटते की अपूर्णांकांवर अडलेली मुले दोन वर्षांत कॅल्क्युलस या वरच्या पातळीच्या गणितापर्यंत पोहोचली. प्रत्यक्षात एस्कलांते त्या शाळेत १९७४ साली आले, कॅल्क्युलसचा पहिला वर्ग त्यांनी १९७८ साली घेतला, आणि कॅल्क्युलसच्या ज्या परीक्षेवर चित्रपट बेतला आहे ती १९८२ सालची. मधल्या काळात त्यांनी खालच्या इयत्तांपासून बीजगणित पक्के करून घेतले आणि उन्हाळी वर्ग चालवले. त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मुख्याध्यापक होते, बरोबरीने कॅल्क्युलस शिकवणारे एक सहकारीही होते. ही माणसे पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. आपले दोन निवृत्त गृहस्थ आणि ती मुलगी त्यांच्याच जागी उभी आहेत असे मी समजते.

भंवरकुआँचा रहिवासी

ताईंचे म्हणणे मान्य, परंतु मुले हिंदीत वाढलेली आहेत. इंग्रजी चित्रपट अनुवादाच्या ओळी वाचत पाहायचा म्हटले तर अर्धा वर्ग मध्यंतराआधीच चुळबुळ करू लागेल. 'सुपर ३०' (२०१९) मध्ये पाटण्यात गरीब मुलांना आयआयटीच्या प्रवेश परीक्षेसाठी विनामूल्य शिकवणाऱ्या आनंद कुमारांचे विद्यार्थी भर चौकात सर्वांसमोर 'शोले'चे प्रवेश मोडक्यातोडक्या इंग्रजीत सादर करतात. इंग्रजीच्या धाकाने मान खाली घालून बसणाऱ्या मुलांना तो प्रसंग आपलाच वाटेल. शेवटची रुग्णालयातील मारामारी मात्र निव्वळ मसाला आहे. तेवढा भाग गाळला तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. आनंद कुमारांच्या २००२ साली सुरू झालेल्या त्या उपक्रमात प्रवेश परीक्षेतून निवडलेली तीसच मुले घेतली जात. पहिल्या तुकडीतील अठरा मुले आयआयटीत गेली, २००८ साली तीसच्या तीस. निवड न झालेल्या मुलांची कथा कोणी सांगत नाही. आमच्या भागात कोचिंगवाल्यांच्या फलकांवर दर वर्षी यशस्वी चेहरे झळकतात, आणि त्यांच्याखालून रोज जाणारी उरलेली मुले कोणाच्या हिशेबात नसतात. आपला वर्ग तर कोणालाही निवडून घेत नाही, म्हणजे आपले काम एका अर्थी अधिक अवघड आहे.

एक वाचक, सुदामानगर

चित्रपटानंतर भाषण ठेवू नये, एवढीच विनंती. आमच्या लहानपणी प्रत्येक चांगल्या चित्रपटामागे कोणीतरी तात्पर्य सांगायला उभे राहत असे, आणि आम्हाला आठवते ते नेमके त्यांचे लांबलेले बोलणे. शक्य असल्यास पालकांना बोलवा. 'स्टँड अँड डिलिव्हर'मध्ये एका हुशार मुलीला तिचे वडील आपल्या खानावळीत कामाला लावतात आणि शिक्षक त्यांची समजूत घालायला जातात. तो प्रसंग मुलांपेक्षा पालकांनी पाहणे अधिक गरजेचे आहे.

संध्यावर्ग, इंदूर

सर्वांचे आभार. 'सुपर ३०' शनिवारी पूर्ण दाखवू, रुग्णालयाचा भाग वगळून. 'स्टँड अँड डिलिव्हर'मधील खड्ड्याचा, पुस्तकांचा आणि खानावळीचा असे तीन प्रसंग रविवारी, संवाद हिंदीत सांगत, थांबून थांबून दाखवू. रविवारी पालकही कामावरून लवकर मोकळे होतात. भाषण होणार नाही. रामबागच्या ताईंना विनंती आहे की खड्ड्याचा प्रसंग झाल्यावर ऋण संख्यांची चार उदाहरणे त्यांनी स्वतः फळ्यावर घ्यावीत.