बॅटरीच्या केबल बदलल्यावर सेल्फ फिरत नाही, दिवे मात्र लख्ख

खाडीकाठ (रत्नागिरी) :

माझी पेट्रोलवर चालणारी लहान गाडी चौदा वर्षांची आहे. इथल्या खाऱ्या हवेमुळे बॅटरीच्या टर्मिनलांवर हिरवट-पांढरा थर वारंवार साचतो आणि गरम पाण्याने धुतला तरी महिन्याभरात पुन्हा येतो. मागच्या आठवड्यात काळ्या केबलचे आवरण थोडे सोलून पाहिले, तेव्हा आतल्या तांब्याचाही हिरवा चुरा झालेला आढळला. म्हणून बाजारातून दोन्ही तयार केबल आणून रविवारी मीच बसवल्या.

तेव्हापासून गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की 'टक्' असा एकच आवाज येतो आणि पुढे काही घडत नाही. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीचीच आहे, मल्टिमीटरवर ती १२.६ व्होल्ट दाखवते, हॉर्न खणखणीत वाजतो आणि किल्ली फिरवताना हेडलाइट जरासुद्धा मंदावत नाहीत. जुन्या काळ्या केबलला दोन फाटे होते, त्यांपैकी एक बॉडीला आणि दुसरा खाली गियरबॉक्सकडे जात होता. नव्या केबलला एकच टोक असल्याने मी ते बॉडीच्या बोल्टला पक्के केले, कारण शेवटी सगळे लोखंड एकमेकांना जोडलेलेच आहे, असा विचार केला. चौथ्या प्रयत्नाला गियरबॉक्सच्या बाजूने तापलेल्या प्लॅस्टिकसारखा वास आला, तेव्हा थांबलो.

ओळखीच्या गॅरेजवाल्यांच्या मते सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, गेला आहे आणि नवाच घ्यावा लागेल. तो खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल?

घाटवाट :

एकच 'टक्' म्हणजे बहुधा सेल्फचे कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे, झिजलेले असतात. तूर्त दोघांना बोलावून, दुसऱ्या गियरमध्ये ढकलून गाडी सुरू करा आणि तशीच इलेक्ट्रिशियनकडे न्या.

जुना पान्हा :

कृपया गाडी ढकलून सुरू करू नका. त्याचे कारण खाली येईलच, पण आधी मूळ दोषाविषयी लिहितो, कारण तो आपल्याच प्रश्नात जवळजवळ सापडलेला आहे.

सगळे लोखंड एकमेकांना जोडलेले आहे, ही समजूत गाडीच्या बाबतीत खरी नाही. इंजिन आणि गियरबॉक्स रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात, जेणेकरून त्यांची थरथर आत बसणाऱ्यांपर्यंत पोहोचू नये. आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फला परतीची वेगळी वायर नसते. लाल केबलमधून आलेला प्रवाह त्याच्या धातूच्या अंगातून गियरबॉक्समध्ये उतरतो आणि तिथून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जातो. जुन्या केबलचा खाली जाणारा फाटा हीच ती परतीची वाट होती, आणि रविवारी नेमकी तीच बंद झाली.

हेडलाइट आणि हॉर्न यांची अर्थिंग बॉडीला असते, म्हणून ते उत्तम चालतात. बॅटरी दुबळी असती, तर किल्ली फिरवताच दिवे मंदावले असते. ते हलतही नाहीत, याचा अर्थ सेल्फकडे पुरेसा प्रवाह जातच नाही. लहान पेट्रोल इंजिन फिरवायला साधारण शंभर ते दीडशे अँपिअर लागतात; वाटेत ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक रोध आला, तरी दीडशे अँपिअरला तिथे तीन व्होल्ट खर्ची पडतात. 'टक्' करणाऱ्या सॉलिनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचला, मात्र त्या मानाने फारच थोडा प्रवाह पुरतो.

आता त्या वासाविषयी. हक्काची वाट बंद झाल्यावर प्रवाह इंजिनाला बॉडीशी जोडणारी मिळेल ती तार धरतो, मग ती गियरची असो, क्लचची असो किंवा ॲक्सिलरेटरची. या तारा तापतात आणि त्यांचे आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळते. आपण वेळीच थांबलात, हे फार बरे झाले. ढकलू नका म्हणालो तेही याचसाठी, कारण इंजिन सुरू झाले की बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा प्रवाहही याच तारांतून वाट काढू लागेल आणि अर्थिंग अशी डळमळीत असताना इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटला धोका पोहोचू शकतो.

चाचणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. जम्पर केबलच्या जोडीतली फक्त काळी घ्या, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड धातूला घट्ट लावा. त्याआधी मात्र एक मोजमाप घ्यावे : मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन इंजिनाच्या धातूवर ठेवून दुसऱ्याला दोन सेकंद किल्ली फिरवायला सांगा. अर्थिंग सुस्थितीत असेल, तर ०.२ किंवा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. स्थिर अवस्थेतले १२.६ व्होल्ट बॅटरीची भरती सांगतात. वाटेची अवस्था प्रवाह वाहत असतानाच कळते.

खाडीकाठ :

आज सकाळी सांगितल्याप्रमाणे केले. किल्ली फिरवताना ऋण टोक आणि इंजिन यांच्यामध्ये चक्क ७.८ व्होल्ट आले. जम्पर केबल लावताच सेल्फ फिरला, थोडा जड फिरला, पण गाडी सुरू झाली आणि मी ती लगेच बंद केली. दुपारी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून २५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी) दाबून करून घेतली आणि ऋण टोकापासून थेट गियरबॉक्सच्या जुन्या बोल्टला लावली. आता तीच चाचणी ०.१५ व्होल्ट दाखवते. तरीही सेल्फ पूर्वीइतका झटकन फिरत नाही.

तांबट :

अर्थिंगचा प्रश्न मिटला आहे, तेव्हा आता लाल बाजू याच पद्धतीने मोजावी. एक पिन बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावर, म्हणजे केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवावी. किल्ली फिरवताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. जास्त आले, तर पहिली पिन जागेवर ठेवून दुसरी क्लॅम्पवर आणावी, म्हणजे दोष टोकाजवळ आहे की पुढे, ते ठरेल.

माझा संशय क्लॅम्पवर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत ३८बी२० या मापाची बॅटरी असते आणि तिची टोके बारीक असतात, धन सुमारे १४.७ आणि ऋण सुमारे १३ मिलिमीटर. बाजारातल्या तयार केबलचे क्लॅम्प मात्र पुष्कळदा जाड टोकांसाठी केलेले असतात. नट पूर्ण आवळला तरी ते एकाच बाजूने टेकतात. हाताने पिळून पाहावे, क्लॅम्प किंचितही फिरला तर तो बदलावा. तयार केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही असते, पण मीटरभर लांबीत त्याने होणारे नुकसान ढिल्या सांध्यापुढे नगण्य आहे.

खाडीकाठ :

आपला संशय खरा ठरला. लाल बाजूला १.१ व्होल्ट पडत होते आणि त्यांतले ०.९ एकट्या क्लॅम्पवर. आधी काळी आणि मग लाल केबल सोडवून बारीक टोकाचे क्लॅम्प बसवले, टोके पॉलिश पेपरने घासली आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. आता लाल बाजू ०.२५ दाखवते आणि गाडी पहिल्या फेरीत सुरू होते. गियर मात्र किंचित जड पडतो आहे, तेव्हा ती तार उद्या काढून पाहतो.