मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजात सायकॉलॉजी सुरू केलंय, पुढे कुठून जाऊ?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहते. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम., लग्नाआधी सहा वर्षं बँकेत. आता एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी कामाच्या व्हिसामुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे ईएडी (कामाचा परवाना) नाही आणि नोकरीही नाही. शिकायला मात्र आडकाठी नाही, म्हणून गेल्या सेमिस्टरला घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) इंट्रो टू सायकॉलॉजी घेतलं. राज्यातल्या रहिवाशांचा दर लागला: युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, तीन युनिटांचे १३८. पुस्तक ओपनस्टॅक्स या ऑनलाइन प्रकाशनाचं, फुकट. म्हटलं आवडलं तर आवडलं, नाहीतर घरी बसून कंटाळण्यापेक्षा बरं.

आवडलं, आणि चांगलंच आवडलं. मुलांची विचारशक्ती कशी वाढते हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचा धडा झाला त्या संध्याकाळी मी लेकीसमोर (वय पाच) दोन सारखी फुलपात्रं ठेवून दोन्हींत सारखं दूध ओतलं. मग तिच्या डोळ्यांदेखत एकातलं दूध उंच, निमुळत्या ग्लासात काढलं. जास्त कशात? तिने क्षणाचाही विचार न करता ग्लास दाखवला. ग्लासातलं परत फुलपात्रात ओतलं, तर म्हणाली, "आता सारखं झालं." चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आठ वर्षांचा मुलगा बाजूला कपाळावर हात मारून घेत होता. पुस्तकात लिहिलेलं आपल्या ओट्यावर घडताना बघण्यात काय मजा आहे, ते बँकेच्या सहा वर्षांत कधी कळलं नव्हतं.

तर मला समुपदेशक व्हायचं आहे. कोणते विषय घ्यायचे याचा सल्ला देणाऱ्या, कॉलेजातल्या काउन्सेलरकडे गेले. वीस मिनिटांची वेळ, त्यातली दहा लॉगिन होण्यात गेली. त्यांनी सायकॉलॉजीच्या ट्रान्सफर डिग्रीचा ६० युनिटांचा तक्ता हातात दिला: दोन वर्षं इथे, मग सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोन वर्षं, मग मास्टर्स. त्यात इंग्रजी, इतिहास, सगळंच. बाहेर आल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे आधीची पदवी आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही वेंधळ्यासारखं सांगितलं नाही. मी अडतिसाची आहे हो, चार वर्षं नुसती बॅचलर्सला घालवायची म्हणजे जरा जिवावर येतं.

बी.कॉम.च्या जोरावर थेट मास्टर्स होईल का? की आधी सायकॉलॉजीची बॅचलर्स लागतेच? आणि ईएडी नसताना यात पडावं का? हा शेवटचा प्रश्न नवऱ्याचा आहे, पण रास्त आहे.

प्रतिसाद १

तो तक्ता बाजूला ठेवा. तो बारावीनंतर येणाऱ्या मुलांसाठी आहे. पदवी असलेल्यांना दुसऱ्या बॅचलर्ससाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयूचे बरेच कॅम्पस उभंच करत नाहीत.

मी याच वाटेने गेले, माझी पदवी मायक्रोबायोलॉजीची. एमएफटीच्या (विवाह आणि कुटुंब समुपदेशन) मास्टर्सला बॅचलर्स कुठल्या विषयातली हे बहुतेक ठिकाणी बघत नाहीत. काही पूर्वविषय मागतात: इंट्रो, स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स, अ‍ॅबनॉर्मल (मानसिक विकारांचा विषय) असे. ते कम्युनिटी कॉलेजात होतात. फक्त अ‍ॅबनॉर्मल घेताना जपा, काही विद्यापीठांना तो वरच्या वर्षांचाच हवा असतो. तीन-चार प्रोग्रॅम निवडा, त्यांच्या प्रवेश कार्यालयाला मेल टाका, उत्तरं लेखी घ्या. तीन वर्षांची भारतीय पदवी चालते का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

नवऱ्याच्या प्रश्नाबद्दल: शिकण्यात अडचण नाही, खरी मेख नंतर आहे. एलएमएफटीच्या, म्हणजे एमएफटी म्हणून काम करण्याच्या परवान्याला देखरेखीखालच्या कामाचे ३००० तास भरावे लागतात, त्यातले बरेचसे मास्टर्सनंतर. तिथे कामाची परवानगी लागणारच. "बिनपगारी करते" म्हणून पळवाट काढू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

प्रतिसाद २

स्टॅट्स लगेच घ्या, पुढे ढकलू नका. बँकवाल्या आहात, सोपं जाईल. आमच्या वर्गातले निम्मे "सायकॉलॉजीत गणित कुठून आलं" म्हणत तिसऱ्या आठवड्यात गळाले होते.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल रात्रीच स्टॅट्सला नाव घातलं, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, नवरा मुलांना बघेल. चार प्रोग्रॅमना मेल गेले. एकाचं उत्तर आलं: पदवी कुठल्याही विषयातली चालेल, पण ट्रान्स्क्रिप्टचं (विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता) मूल्यमापन करून आणा.

आता नवीन घोळ. माझ्या मार्कशीट ठाण्याला आईच्या कपाटात आहेत आणि विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवायची आहे. अलीकडे कोणी इथे बसून हे केलंय का? ऑनलाइन होतं, की भावाला कलिन्याला विद्यापीठात पाठवू?